कोयनेच्या काळ्या कातळाखाली

पाण्यासाठी घेतलेली बोअर शे-दोनशे मीटरवर थांबते. कोयना खोऱ्यात गोठणे इथलं छिद्र २०१७ मध्ये तीन किलोमीटरपर्यंत उतरलं. भूकंप ज्या खडकात जन्मतात तिथवर उपकरणं न्यायची, यासाठी ते घेतलं होतं.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या धक्क्याने कोयनानगर जमीनदोस्त झालं. पावणेदोनशेहून अधिक माणसं दगावली. तोवर दख्खनचं पठार म्हणजे न हलणारी भूमी, असाच समज होता. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं पाणी साठत होतं. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थाही तेवढ्याच वयाची, १९६१ची. धरणाचं पाणी आणि धक्के यांचा संबंध या संस्थेतल्या संशोधकांनी चिकाटीने तपासला. हर्ष गुप्ता यांनी तर उभी कारकीर्दच या प्रश्नाला दिली. १९७६ मध्ये बी. के. रस्तोगी यांच्यासह धरणं आणि भूकंप यांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ जगभर वाचला गेला.

‘धरणामुळे भूकंप’ असं आपण सहज म्हणून जातो. तेवढ्याने भागत नाही. खडकातला ताण जुना असतो, भेगाही जुन्याच. पाणी झिरपत खोल जातं, भेगेतला दाब वाढतो, आणि एकमेकांना घट्ट दाबून धरलेल्या दोन बाजूंची पकड सैल होते. घसरण्याच्या बेतात असलेली भेग मग घसरते. म्हणून पातळी किती चढली याइतकंच ती किती वेगाने चढली आणि किती काळ टिकली, हेही पाहावं लागतं. पावसाळ्यात जलाशय भरला की पुढच्या महिन्यांत धक्के वाढतात, हे नोंदींत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. १९८५ पासून दक्षिणेला वारणा धरणात पाणी साठू लागलं आणि १९९३ मध्ये धक्क्यांचं सत्र तिकडेही सुरू झालं.

संशोधकाच्या दृष्टीने कोयना अपूर्व आहे. पन्नासहून अधिक वर्षं धक्के चालू आहेत, तेही साधारण २० बाय ३० किलोमीटरच्या टापूत आणि फार खोल नाहीत. आसपास भूकंपाचं दुसरं उगमस्थान नाही. भूकंप जवळून ऐकायचा तर याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

अडचण होती ती बेसाल्टची. लाव्हाच्या थरांवर थर चढलेल्या या कातळात लहरी वेड्यावाकड्या होतात; जमिनीवरच्या भूकंपमापकाला खालचा आवाज गढूळ येतो. मग सुमारे दीड किलोमीटर खोलीची नऊ छिद्रं घेऊन खडकाचे गाभे बाहेर काढले गेले. रासाटीला १,५२२ मीटरपर्यंत गेल्यावर कळलं, की बेसाल्ट ९३३ मीटरवर संपतो आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट लागतो. मध्ये गाळाचा थर नाही. गोठण्यात तीच सीमा १,२४७ मीटरवर मिळाली. यातल्या काही छिद्रांत भूकंपमापक बेसाल्टखाली, थेट ग्रॅनाइटमध्ये बसवले गेले. त्यामुळे वर पोचतही नव्हते असे बारीक धक्के टिपता येऊ लागले आणि त्यांच्या जागा अधिक नेमक्या ठरू लागल्या.

खोल छिद्राचं हे काम केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या कराड इथल्या प्रयोगशाळेकडे आहे. गोठण्याचं छिद्र ही त्यातली पूर्वतयारी. आणखी खोल जाण्याआधी खडकाची जात, ताण, उष्णता आणि भेगा मोजण्यासाठी घेतलेली. ‘मग पुढचा भूकंप कधी?’ हा प्रश्न पाटणच्या माणसाने विचारणं अगदी रास्त आहे, पण त्याची तारीख हे छिद्र देणार नाही. भेग घसरण्याआधी दाब, ताण, उष्णता यांत काही बदल होतात का, हे मात्र त्यातून थेट मोजता येईल. त्यासाठी उपकरणं वर्षानुवर्षं अखंड चालली पाहिजेत, आणि निधीची मुदत संपली म्हणून ती बंद पडता कामा नयेत. नोंदींचा अर्थही कोयनानगर, हेळवाक, पाटण इथे मराठीतून नियमित सांगितला गेला पाहिजे. घरांच्या भिंती किती मजबूत बांधायच्या, हे तिथल्याच लोकांना ठरवायचं आहे.