गुलाबाईची मूर्ति व हादग्याचा हत्ती

मुलींचीं पारंपरिक गाणीं हीं खेड्यांतील संसाराचें जुनें दप्तर होत, हें आतां बहुतेकांस मान्य आहे. परंतु त्या गाण्यांसाठीं घरोघर जीं चित्रें व मूर्ति मांडीत, त्यांस गाण्यांपासून तोडून पाहिल्यास अर्थ निसटतो. तो कसा, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

देशावर हादग्याचें चित्र भिंतीवर लावतात. त्यांत समोरासमोर दोन हत्ती असतात व वर फळांफुलांची माळ बांधतात. भोंडल्यांत हाच हत्ती पाटावर काढून मुली भोंवतीं फेर धरतात. हा हत्ती आला कोठून? सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रांत प्रवेश करतो, आणि या नक्षत्राच्या पावसावर रब्बीची भिस्त असते. संस्कृतांत हस्त म्हणजे हात, सोंडही हस्तच, ती ज्याला आहे तो हस्ती. नक्षत्राच्या नांवांतूनच हत्ती पाटावर उतरला, असें आम्हांस वाटतें. शेतकऱ्याच्या पंचांगाचें एक पान मुलींच्या खेळांत असें येऊन बसलें.

खानदेशांतील रीत निराळी आहे. १९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. त्यांपैकीं पूर्वेकडील, म्हणजे आजच्या जळगांव जिल्ह्यांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गुलाबाई बसते. येथें हत्ती नाहीं. रंगविलेली मातीची मूर्ति असते. गुलाबाई म्हणजे पार्वती, शेजारीं शंकर. पार्वतीनें भिल्लिणीचें रूप घेतल्याची कथाही या देवतेशीं जोडतात, आणि भिल्लांच्या या प्रांतांत ती परकी वाटत नाहीं.

मूर्तींतील जोडपें नटूनथटून शांत बसलेलें असतें. गाणीं मात्र सासुरवाशिणीचीं असतात. हादगा व गुलाबाई या दोहोंच्या परंपरेंत कारल्याच्या वेलाचें गाणें आहे. सून माहेरीं जाण्यास निरोप मागते. सासू म्हणते, आधीं बीं पेर. मग वेल वाढूं दे, मग फूल, मग फळ, मग भाजी. पिकाचा काळ हेंच तेथें सुनेच्या विरहाचें माप होतें. मुलीच्या विवाहाचें किमान वय १४ ठरविणारा कायदा १९२९ सालचा. त्यापूर्वीं अनेक घरांत फेर धरणारी पोर पुढल्या वर्षीं सासरीं असे. चित्रकारानें या गाण्यास हिरवा वेल व हंसतमुख सून काढून दिली, तर चित्र सुंदर होईल; पुरावा म्हणून तें खोटें ठरेल.

आतां जतनाचा प्रश्न. धरणगांवीं जन्मलेले वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ सालीं मुलांसाठीं ‘आनंद’ मासिक काढलें. छापील अंकावर निदान सालमहिना असतो, व तो ग्रंथालयांत राहूं शकतो. गुलाबाई मात्र खेळ संपल्यावर पाण्यांत जाते. हादग्याचा कागद फाटून जातो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ सालीं धुळ्यास निवर्तले. माळ्यावरील कुजके रुमालही सोडूं नयेत, हा धडा त्यांनीं घालून दिला. तोच येथें लागू करावा. मूर्ति विसर्जनापूर्वीं तिचें छायाचित्र घ्यावें. गांव, साल, घडविणाराचें नांव टिपावें. आणि घरांतील आजी त्या मूर्तीपुढें जें गाणें म्हणते, तें तिच्याच बोलींत, न सुधारतां, उतरून घ्यावें. मूर्ति दरवर्षीं नवी मिळेल; आजी मिळणार नाहीं.