शिकाऊ उमेदवारी : कमाईतून शिक्षणाकडे

बंगळूरच्या बेळ्ळंदूर परिसरातील संगणक कंपन्या पाहून अनेक पालकांना वाटते, की पदवीवाचून भवितव्य नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ने मात्र दुसरी वाट खुली केली. प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळते, परीक्षा उत्तीर्ण होताच राष्ट्रीय प्रमाणपत्र लाभते. परंतु त्याच आस्थापनेत नोकरीची हमी नसते. म्हणून पुढची पायरी आधीच ठरवावी. दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना पदविकेच्या, तर पदविकाधारकांना अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेशाची संधी असते. कौशल्य अभ्यासक्रमांसाठीच्या आदर्श कर्ज योजनेची मर्यादा २०२४ मध्ये दीड लाखांवरून साडेसात लाख रुपये झाली. विद्यावेतनातून आवर्ती ठेव सुरू केल्यास पुढील शिक्षणासाठी कर्ज कमी काढावे लागेल.