विश्लेषण : संकेतस्थळाची चाचणी आपोआप कशी होते?

भिवंडीच्या गोदामांतून परराज्यात जाणाऱ्या ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाला १ एप्रिल २०१८ पासून सर्वसाधारणपणे ई-वे बिल लागते. अशा ऑनलाइन व्यवहाराच्या पानात बदल करताना एखादे बटण बंद पडले, तर भरलेला ट्रक दारातच उभा राहतो. म्हणून प्रत्येक बदलानंतर सगळे पुन्हा तपासावे लागते.

ही तपासणी कोण करते?
सेलेनियमसारखे सॉफ्टवेअर. जेसन हगिन्स यांनी २००४ मध्ये थॉटवर्क्स कंपनीत असताना ते तयार केले. मायक्रोसॉफ्टचे प्लेराइट २०२० मध्ये आले. दोन्ही मोफत आहेत. माणसाऐवजी प्रोग्रॅम ब्राउझर चालवतो.

चाचणी कशी लिहितात?
पान उघडणे, रकाना भरणे, यादीतून निवडणे, बटण दाबणे या कृती बहुतेक चाचण्यांत येतात. त्या दरवेळी नव्याने लिहिल्या, तर एका बटणाची ओळख बदलताच अनेक चाचण्या कोलमडतात. त्यामुळे ‘लॉगिन करा’, ‘वाहन क्रमांक भरा’ अशा कृती एकदाच लिहून सगळ्या चाचण्यांत वापरतात. पान बदलले, तरी दुरुस्ती एकाच जागी होते.

चूक कुठे होते?
पान उघडायला उशीर झाला, की चाचणी विनाकारण नापास होते. त्यासाठी ठरावीक सेकंद नव्हे, तर बटण दिसेपर्यंत थांबायला सांगावे लागते. शिवाय बटण दाबले गेले, एवढे पुरत नाही. बिलाचा क्रमांक आला का, हे न पाहणारी चाचणी ‘पास’ होईल. ट्रक मात्र हलणार नाही.