अत्रे ज्याला हसले नाहीत

१३ ऑगस्ट या तारखेवर जळगाव जिल्ह्याचा हक्क मोठा. १८९० साली त्या दिवशी धरणगावात त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, जन्मले. आठ वर्षांनी त्याच तारखेला सासवडजवळच्या कोढीत गावात प्रल्हाद केशव अत्रे जन्मले. बालकवींची आठवण इथल्या शाळा ठेवतात आणि ती ठेवायलाच हवी. पण अत्र्यांचे नाव काढले की जळगावच्या मेहरूणमधला शिकलासवरलेला तरुणही विचारतो, त्यांचा खान्देशाशी काय संबंध? हा प्रश्न बोचतो. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ साली जिचे नाव दिले गेले, त्या बहिणाबाईची गाणी उभ्या महाराष्ट्रापुढे ठेवणारा माणूस हाच.

‘झेंडूची फुले’ या त्यांच्या विडंबनकवितांच्या पुस्तकाला २०२५ साली शंभर वर्षे झाली. त्या निमित्ताने या माणसाकडे पुन्हा पाहावे, आणि ते खान्देशाच्या बाजूने पाहावे.

पुण्यातले शिक्षण, कॅम्पातल्या शाळेची मुख्याध्यापकी, लंडनला जाऊन मिळवलेली टी. डी., नगरपालिकेतले राजकारण, मुलांसाठी केलेली ‘नवयुग वाचनमाला’, हे सारे अत्र्यांनी स्वतःच ‘कऱ्हेचे पाणी’च्या खंडांत ऐसपैस सांगून ठेवले आहे. १९३३ सालच्या ‘साष्टांग नमस्कार’पासून त्यांच्या नाटकांनी मराठी रंगभूमीला तगवले, हेही पाठ्यपुस्तकांत येऊन गेलेले. त्यात इथे गुंतायचे कारण नाही.

‘झेंडूची फुले’पाशी मात्र क्षणभर थांबावे लागते. ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेल्या त्या कवितांत रविकिरण मंडळाच्या काळातल्या कवितेची हौस, तिचे उसासे, तिची ठरीव प्रेमभाषा यांची यथेच्छ टर उडवली होती. ‘परीटास’ वाचून आजही हसू आवरत नाही. पण त्या हसण्यामागे केवढी तयारी होती! ज्या वृत्तात मूळ कवीने लिहिले त्या वृत्तात चूक न करता लिहायचे, त्याच्या शब्दांची लकब अंगात भिनवायची आणि मग ती एका बोटाने वाकडी करायची. अत्र्यांना त्या कवींच्या कविता तोंडपाठ होत्या. टोपणनाव त्यांनी केशवसुतांवरून घेतले होते आणि गुरू मानले होते गडकऱ्यांना. कवितेवर जीव असलेल्या माणसाने केलेली ती थट्टा होती.

आता १९५२ साल. खान्देशाच्या दृष्टीने अत्र्यांचे सगळ्यात मोठे दशक इथे सुरू होते.

बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात गेल्या. आसोद्यात जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही बाई जात्यावर, शेतात, चुलीपुढे गाणी रचत असे. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी ती उतरून घेतली होती. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. तरीही आईची ती वही पुढे करायला ते संकोचत होते. गावची बोली, ‘ळ’च्या जागी ‘य’, शेणामातीचा विषय. मुंबई-पुण्याची रसिक मंडळी काय म्हणतील? ही भीती पोकळ नव्हती. तो संकोच खान्देशातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पुण्यात शिकायला गेलेला मुलगा पहिल्या महिन्यात आपली बोली गिळून टाकतो, तो याच संकोचाने.

सोपानदेवांनी ती वही दाखवली कोणाला? ज्याने महाराष्ट्रातल्या भल्याभल्या कवींना हास्यास्पद करून सोडले होते, त्याला. त्या वहीवर चार विनोदी ओळी करणे अत्र्यांना किती सोपे होते! ते हसले नाहीत. हे लपवून ठेवणे म्हणजे महाराष्ट्राचा गुन्हा आहे, अशा आशयाचे बोलून त्यांनी ती गाणी छापायला लावली आणि १९५२ साली निघालेल्या पुस्तकाला स्वतःची प्रस्तावना दिली. अत्र्यांची अतिशयोक्ती प्रसिद्धच होती. दहा हजार वर्षांत असे झाले नाही, असे ते ऊठसूट म्हणत. बहिणाबाईंच्या बाबतीत पुढच्या सत्तर वर्षांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले.

आज उलट चालले आहे. दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमांत बहिणाबाईंची लेवा बोली किंवा अहिराणी बोलणारे पात्र आले की समजायचे, हा खुळा, हा अडाणी, याच्या उच्चारावर आता हशा पिकणार. पात्राला ना स्वभाव, ना घर, ना धंदा. बोली एवढाच त्याचा विनोद. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत तर आपलीच मुले आपल्याच आजीच्या बोलण्याची नक्कल करून वाहवा मिळवतात. जी बोली ऐकून अत्र्यांसारखा महाराष्ट्राला हसवणारा माणूस थक्क झाला, तिलाच आज हशाचे साधन केले जाते, आणि खान्देशातली माणसे ते मुकाट्याने पाहतात. याचा राग यायला हवा.

पुढचेच वर्ष ‘श्यामची आई’चे. ते पुस्तक लिहिणारे साने गुरुजी कोकणातले, पालगडचे. पण त्यांचा शिक्षकी पेशा अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधला. तिथल्या छात्रालयातल्या मुलांचे कपडे धुणारे, त्यांच्यासाठी रोज हाताने दैनिक लिहिणारे गुरुजी हे खान्देशाचे. जून १९५० मध्ये त्यांनी जीवनयात्रा संपवली. त्यांच्या लिहिण्याला रडके म्हणून नाक मुरडणाऱ्यांची साहित्यात तेव्हाही वाण नव्हती. अत्र्यांनी त्या पुस्तकावर १९५३ साली चित्रपट काढला. दिग्दर्शन त्यांचेच. वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम, आणि संगीत वसंत देसाईंचे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, १९५४ साली, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक या चित्रपटाला मिळाले. पुढच्या ‘महात्मा फुले’लाही राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. हसवणाऱ्याला रडवताही येते, असे यावर नेहमी म्हटले जाते. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की भाबडेपणाची चेष्टा करून टाळ्या मिळवता येत असताना अत्र्यांना त्या भाबडेपणातले सत्त्व दिसले.

मग ‘मराठा’. १५ नोव्हेंबर १९५६ रोजी हे दैनिक निघाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे ते तोंड झाले. तीन आठवडे होतात न होतात तोच डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर, अथांग लोकांपुढे अत्रे बोलले. कालपर्यंत सभा हसवणारा हा वक्ता त्या संध्याकाळी लाखोंच्या दुःखाला वाट करून देत होता.

१९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीचे वारे खान्देशातही शिरले. पूर्व खान्देशातून नौशेर भरुचा, म्हणजे मुंबईचे पारशी वकील, अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. धुळ्यातून जनसंघाचे उत्तमराव पाटील निवडून आले; त्या पक्षाला त्या वेळी देशभरात चारच जागा मिळाल्या होत्या, त्यांतली ही एक. अत्रे स्वतः मुंबईतून विधानसभेत गेले. सत्ताधाऱ्यांवर ते तुटून पडत. त्यांच्या विनोदाला त्या वर्षांत जी धार होती ती मराठी पत्रकारितेत पुन्हा दिसली नाही. आज राजकीय टीका म्हणून जे कानी येते त्यात शिवी असते, पण उपमा नसते. अत्र्यांची शिवीसुद्धा घडवलेली असायची.

१ मे १९६०ला महाराष्ट्र राज्य झाले. खान्देशाला त्या आनंदात एक सल आहे. डांग गुजरातेत गेला, आणि नवापूर, नंदुरबार, अक्कलकुव्याकडची पश्चिम खान्देशातली गावेही गेली. बेळगाव-कारवारबद्दल अजून बोलले जाते, या गावांबद्दल कोणी बोलत नाही. राज्य झाल्यावर पूर्व खान्देशाचा जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिम खान्देशाचा धुळे; कागदावरून खान्देश हे नावच गेले.

नंतरचा काळ भरभर ओलांडला तरी चालेल. १९६२चे ‘तो मी नव्हेच’ अपवाद. फिरता रंगमंच, प्रभाकर पणशीकर आणि भामट्याचे एकामागून एक पाच अवतार, हे ज्यांनी पाहिले ते अजून सांगतात. पण अत्र्यांच्या लेखणीला वैयक्तिक वैराची खोडही होती. ना. सी. फडक्यांशी झालेल्या वादात तर दोघांनीही वाचकांना नको तेवढे ऐकवले. ज्या माणसाला माणसातले मोठेपण इतके चटकन दिसे, त्याने एखाद्याच्या शरीरावर किंवा घरावर घसरावे, हे त्यांच्या चाहत्यांनीही झाकू नये. अत्र्यांची उंची त्याने कमी झाली, एवढे स्पष्ट म्हणायला हवे.

तरीही १९६४ साली नेहरू गेले तेव्हा काय झाले पाहा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्यावर अत्र्यांनी सर्वांत प्रखर टीका केली होती ते हे नेहरू. ‘मराठा’त अत्र्यांनी त्यांच्यावर दिवसामागून दिवस अग्रलेख लिहिले. त्यांचे पुढे ‘सूर्यास्त’ हे पुस्तक झाले. भांडण विसरून नव्हे, भांडण पुरेपूर आठवत असतानाच त्यांनी त्या माणसाचे मोठेपण मांडले. आजच्या टीकाकारांपैकी कोणाला हे जमेल, असे नाव चटकन सुचत नाही.

१३ जून १९६९ रोजी अत्रे गेले. बहिणाबाईंच्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि निघत आहेत. अत्र्यांच्या ‘नवयुग’ साप्ताहिकाचे आणि ‘मराठा’चे अंक मात्र दुर्मीळ होत चालले आहेत. जळगाव-धुळ्याच्या जुन्या वाड्यांत, माळ्यांवरच्या ट्रंकांत कुठे कुठे ते असतील. वाडे पाडून इमारती होताना असे कागद आधी रद्दीवाल्याकडे जातात. ज्यांच्या घरी हे अंक असतील त्यांनी ते कृपा करून विकू नयेत; जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्यावेत आणि त्यांची नोंद करून घ्यावी.