ख्रिस्ती धर्मातला ‘नवा जन्म’ म्हणजे नेमकं काय? पंडिता रमाबाईंनी तो बाप्तिस्म्यापासून वेगळा का मानला?

मोठ्या अपघातातून कुणी वाचला की ‘त्याचा नवा जन्मच झाला’ असं आपण सहज म्हणतो. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असंही घरोघरी म्हटलं जातं. ख्रिस्ती लोक, विशेषतः काही पंथांचे लोक, ‘माझा नवा जन्म झाला आहे’ असं म्हणतात तेव्हा मात्र त्यांना वेगळंच काही सांगायचं असतं. बऱ्याच जणांना त्याचा अर्थ ‘धर्म बदलला’ एवढाच वाटतो. प्रत्यक्षात हा विचार जन्मापासून ख्रिस्ती असलेल्या माणसालाही लागू होतो.

कल्पना आली कुठून?

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, निकदेम नावाचा एक विद्वान यहुदी पुढारी रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. देवाचं राज्य पाहायचं तर पुन्हा जन्मावं लागेल, असं येशू त्याला सांगतो. निकदेम गोंधळतो. म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा जाणार, असं तो विचारतो. त्यावर हा जन्म पाण्याचा आणि आत्म्याचा आहे, असा खुलासा येशू करतो.

निकदेमाचा गोंधळ व्हायला शब्दही कारण आहे. मूळ ग्रीक मजकुरातल्या ‘अनोथेन’ या शब्दाचे दोन अर्थ होतात : ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. निकदेमाने पहिला अर्थ धरला. येशूच्या बोलण्यात मात्र वरून, म्हणजे देवाकडून, मिळणाऱ्या जन्माचाही अर्थ आहे.

हा पुनर्जन्म आहे का?

नाही. हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरांत पुनर्जन्म मृत्यूनंतर होतो आणि त्याचा संबंध कर्माशी असतो. ख्रिस्ती ‘नवा जन्म’ याच देहात, याच आयुष्यात होतो.

मुंज झालेल्याला ‘द्विज’, म्हणजे दोनदा जन्मलेला, म्हणतात. पण मुंज हा ठरावीक घरांत ठरावीक वयात होणारा संस्कार आहे. त्यामानाने माळ घालण्याची तुलना जवळची ठरते. लातूर जिल्ह्यातल्या मुरुडसारख्या गावात कुणी तुळशीची माळ घातली की दारू-मटण सुटतं, वारी सुरू होते, माणूस बदलला असं लोक म्हणतात. फरक असा की माळ घालणारा स्वतः निश्चय करतो आणि नेम पाळतो. ख्रिस्ती शिकवणीत नवा जन्म देव देतो. बाळ स्वतःला जन्म देत नाही, तसाच माणूसही हा जन्म स्वतःच्या बळावर मिळवू शकत नाही. वागणं बदलतं, पण ते या जन्माचं फळ म्हणून.

मग बाप्तिस्मा कशासाठी?

ख्रिस्ती पंथांत खरा मतभेद इथे आहे. रोमन कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या मते बाप्तिस्म्याच्या पाण्यातच नवा जन्म होतो, म्हणून तान्ह्या मुलांनाही बाप्तिस्मा देतात. अँग्लिकन चर्चच्या पारंपरिक उपासनाविधीतही हीच भाषा आहे. याउलट इव्हँजेलिकल आणि पेंटेकोस्टल मंडळी म्हणतात की पाणी ही खूण आहे. पापाची जाणीव, पश्चात्ताप आणि ख्रिस्तावर व्यक्तिगत विश्वास यांतून होणारा आतला बदल म्हणजे नवा जन्म.

रमाबाईंच्या बाबतीत काय घडलं?

या मतभेदाचं महाराष्ट्रातलं सर्वांत ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंनी आईवडिलांबरोबर तीर्थयात्रा केल्या, पुराणं सांगितली आणि दुष्काळात आईवडील गमावले. कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी वाँटेज इथे त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. लोकांच्या दृष्टीने त्या ‘बाटल्या’ होत्या, विषय संपला होता.

रमाबाईंच्या दृष्टीने तो संपला नव्हता. त्रैक्यासारख्या सिद्धांतांवरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे पत्रांतून वाद होत राहिले. मनाला शांती नव्हती. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता, असा या काळाबद्दलचा त्यांचा निष्कर्ष त्यांनी पुढे 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत मांडला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्लिश पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हॅस्लम आधीपासून पाद्री होते, पण 1851 मध्ये स्वतःच प्रवचन देत असताना आपला पालट झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. पाद्र्यालाही नव्या जन्माची गरज असेल, तर बाप्तिस्मा घेतलेल्या आपल्यालाही ती आहे, हे रमाबाईंना पटलं.

त्याची किंमत काय पडली?

1889 मध्ये मुंबईत सुरू झालेलं आणि पुढे पुण्यात आलेलं ‘शारदा सदन’ धर्मशिक्षण न देण्याच्या अटीवर उभं होतं. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेला मुली बसू लागल्या, तेव्हा 1893 मध्ये वाद पेटला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सुधारकांनी सल्लागार मंडळ सोडलं, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या मते त्यांनी कुणावर जबरदस्ती केली नव्हती, प्रार्थनेचं दार फक्त उघडं ठेवलं होतं. टीकाकारांच्या मते आश्रयाला आलेल्या मुलींच्या बाबतीत उघडं दार हेच दडपण होतं. नव्या जन्माचा अनुभव इतरांना सांगणं हे श्रद्धेचंच अंग मानलं जातं, त्यामुळे हा पेच आजही सुटलेला नाही.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झालं. मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करत, पापांची कबुली देत. जगभरच्या पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात या घटनेची नोंद घेतली जाते.

खूण कोणती?

नवा जन्म कागदावर दाखवता येत नाही. बाप्तिस्म्याची तारीख चर्चच्या वहीत असते, याची नसते. काहींना तो क्षण आठवतो, काहींच्या बाबतीत बदल हळूहळू होतो. म्हणून तो झाला की नाही हे शेवटी जगण्यावरून ओळखायचं, असं इव्हँजेलिकल मंडळी मानतात. निकदेमाने जन्म नेमका केव्हा घेतला, तेही बायबल सांगत नाही. रात्री लपून आलेला तोच माणूस पुढे क्रुसावर मेलेल्या येशूच्या दफनासाठी उघडपणे सुगंधी द्रव्यं घेऊन आला, असं मात्र त्यात लिहिलं आहे.