संगणकांतील वाद्यवृंदाची बैठक

इ. स. २०१६ सालीं 'सैराट' हा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचें बरेंचसें चित्रण आमच्या इंदापूर तालुक्याच्या शेजारीं, उजनीच्या पाण्यापलीकडील करमाळा तालुक्यांत झालें. परंतु संगीतकार अजय-अतुल या बंधूंनीं त्यांतील वाद्यवृंदाचें ध्वनिमुद्रण अमेरिकेंत, सोनी स्कोअरिंग स्टेज येथें केलें. आतां वरकुट्याच्या एखाद्या मुलास तशी रचना करावीशी वाटली, तर त्यानें एवढे वादक कोठून आणावे?

ही अडचण संगणक पुष्कळ अंशीं दूर करितो. खऱ्या वादकांकडून एकेक स्वर हळू, मध्यम व जोरानें वाजवून घेऊन मुद्रित केलेला असतो. कीबोर्डाच्या पट्टीवर बोट ठेवितांच तोच स्वर उमटतो. असे कांहीं स्वरसंग्रह विनामूल्यही मिळतात. मात्र दर वेळीं कोऱ्या फाइलींत आधीं व्हायोलिन शोधावें, मग बासरी शोधावी, असें करूं लागल्यास सुचलेली चाल तेवढ्यांत विसरते. आमची एक चाल अशीच गेली, ती पुन्हा आठवली नाहीं. कीर्तनकार उभे राहण्यापूर्वीं टाळकरी व मृदंगी आपापल्या जागीं असतात, तशी वाद्यांची बैठक आधींच घालून ठेवावी. हिलाच टेम्प्लेट म्हणतात.

रीपर, क्यूबेस किंवा तत्सम कोणत्याही प्रणालींत प्रत्येक वाद्यास एक ट्रॅक द्यावा. छापील स्वरलिपींतील क्रम सोयीचा पडतो: वरती बासरी, ओबो, क्लॅरिनेट व बसून, मग हॉर्न, ट्रंपेट व ट्रॉम्बोन, नंतर तालवाद्यें, सर्वांत खालीं पहिलें व दुसरें व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि डबल बास. आम्हीं तालवाद्यांत स्वतः मुद्रित केलेली हलगीही बसविली. पाश्चात्त्य संग्रहांत ती सहसा सांपडत नाहीं. प्रत्येक वर्गाचा आवाज एका सामाईक ट्रॅकांत आणावा, म्हणजे सर्व तंतुवाद्यें एकाच फेडरनें कमीजास्त करितां येतात. सभागृहाचा घुमारा देणारा रिव्हर्बही प्रत्येकास निराळा न देतां एकच ठेवावा, म्हणजे सारे वादक एकाच दालनांत बसल्यासारखे वाटतात. कांहीं संग्रहांत वादकांस त्यांच्या ठरलेल्या जागीं बसवूनच मुद्रण केलेलें असतें. तेथें डावें-उजवें पुन्हा करूं नये.

सर्वांत अधिक वेळ आवाजाच्या तोलास द्यावा. एकटी बासरी साऱ्या ट्रॉम्बोनांवर मात करूं लागली, तर कागदावर उत्तम दिसणारी रचना खऱ्या वादकांपुढें फसेल. स्वर वाजत असतां त्याचा जोर चढविण्या-उतरविण्याचें काम बहुधा कीबोर्डाच्या मॉड्युलेशन चाकाकडे असतें; तें सर्व वाद्यांत सारखेंच नेमावें, नाहींतर हात गोंधळतो.

स्वरसंग्रह संगणकाची स्मृति फार व्यापितात. प्रथम आम्हीं हौसेनें मिळेल तें वाद्य भरलें आणि यंत्र जागच्या जागीं थिजलें! म्हणून आरंभीं दहा-पंधराच ट्रॅक ठेवावे. बाकीचे बंद अवस्थेंत ठेवून लागतील तेव्हां उघडावे.

शेवटीं ही फाइल टेम्प्लेट म्हणून जतन करावी. नवें गीत आरंभितांना तिची प्रत उघडते व मूळ शाबूत राहतें. एक गीत पुरें झाल्यावर कोठें अडलें तें पाहून मुळांत दुरुस्ती करावी. आमची सध्यां सातवी चालली आहे.