‘टीचिंग फिलॉसॉफी’चं एक पान

प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करायचा म्हटलं, की हल्ली काही ठिकाणी बायोडेटासोबत आणखी एक पान मागतात. तुमची ‘टीचिंग फिलॉसॉफी’. आपण अध्यापनाची भूमिका म्हणू या. मी शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय, त्यामुळे हे पान तासाभरात होईल असं वाटलं होतं. झालंही. ‘माझा वर्ग विद्यार्थीकेंद्री असतो’ हे पहिलंच वाक्य.

मग मुलांना सांगून माझाच एक तास मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि घरी येऊन ऐकला. पन्नास मिनिटांत मुलांचा आवाज तीनदा. त्यातला एक, ‘मॅडम, पुसू नका ना!’

तुम्हीही शिकवत असाल तर एकदा ऐकून बघा. ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४च्या ‘थिअरी इन प्रॅक्टिस’ या पुस्तकात दोन गोष्टी वेगळ्या केल्या होत्या: विचारल्यावर माणूस सांगतो तो सिद्धांत आणि त्याच्या वागण्यातून दिसतो तो. या दोन्हींचा मेळ नसतो, आणि तो नाही हे बऱ्याचदा त्या माणसालाच ठाऊक नसतं. म्हणजे मी अर्जात खोटं लिहिलं नव्हतं. मला ते खरंच वाटत होतं.

मग हा वागण्यातला सिद्धांत येतो कुठून? डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये दिलेलं उत्तर मला अजून पटतं. शिकवण्याची उमेदवारी आपण विद्यार्थी असतानाच करतो, हजारो तास, पण बाकावर बसून. सरांनी फळ्यावर काय लिहिलं ते दिसतं. आदल्या रात्री काय गाळलं, उदाहरण का बदललं, ते दिसत नाही. म्हणून स्वतः फळ्यापाशी उभं राहिलो की जुनेच आवाज बाहेर येतात. माझ्या रेकॉर्डिंगमधलं ‘समजलं ना? चला पुढे’ हे हुबेहूब आठवीच्या गणिताच्या बाईंचं आहे. (बाई चांगल्या होत्या हो. प्रश्न तो नाही.)

तर पान लिहायचं कसं? मला नमुना सापडला तो पुण्यातलाच, १८८२चा. जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन. ते अर्थातच सरकारी धोरणासाठी आहे, नोकरीच्या अर्जासाठी नाही. तरी वाचा. सुरुवातीलाच ते सांगून टाकतात की आपला अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे. मुलींची शाळा काढली, तिथे मी आणि माझ्या पत्नीने मिळून बरीच वर्षं काम केलं, हेही सांगतात. भिडे वाड्यातली शाळा १८४८ची. म्हणजे या कागदामागे चौतीस वर्षं उभी आहेत.

मग शिक्षक कसा हवा? शेतकरी वर्गातला, प्रशिक्षित, मुलांच्या घरच्यांत सहज मिसळणारा. इथे मी थांबले असते. ते पुढे जातात: गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्याला लाज वाटू नये. पगार बारा रुपयांहून कमी नको, मोठ्या गावात पंधरा-वीस. अभ्यासात मोडी आणि बालबोध, हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती, आरोग्याचे धडे. प्रत्येक मताशेजारी डोळ्यांनी तपासता येईल अशी एक वस्तू ठेवलेली आहे. मूठ, वाकस, बारा रुपये.

माझ्या ‘विद्यार्थीकेंद्री’ शेजारी काय होतं? काहीच नाही. ते वाक्य काढलं. त्याजागी लिहिलं, ‘प्रश्न विचारल्यावर मी मनात पाचपर्यंत मोजते, मगच बोलते.’ मोजणं सुरू केल्यावर पुन्हा एक तास रेकॉर्ड केला. या वेळी मुलांचे आवाज अकरा. पण त्या दिवशीचा घटक पुरा झाला नाही, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न येतोच.

आता हेही पानात लिहावं का, यावर मी दोन दिवस अडले आहे. मुदत शुक्रवारची आहे. निवड समितीवर तुम्ही असता, तर कोणतं पान वाचून मला बोलावलं असतं?